पेट्या काढल्या, पाय वाचला

पानशेतच्या पाण्याच्या कडेने घोळ गावाकडे जाताना चिखलात मोटरसायकल घसरली. तोल सावरायला पाय टेकवला आणि मागून, मागच्या चाकाच्या बाजूला लावलेली सामानाची ॲल्युमिनियमची पेटी थेट पोटरीवर आली. हाड वाचलं, एवढंच.

घरी येऊन दोन्ही पेट्या आणि त्यांची लोखंडी फ्रेम उतरवली. सामान भरायच्या आधीच दहा किलो गेले की! आता खोगिरासारख्या लटकणाऱ्या मऊ पिशव्या. पाने, ट्यूब, पंप तळाशी आणि जमेल तितके पुढे, कपडे वर. पट्ट्यांची लोंबती टोकं बांधा, माझं एक चेनमध्ये अडकलं होतं. सायलेन्सरच्या बाजूला पत्रा लावला, नाहीतर पिशवी वितळते.

सामान असलं की आता फक्त बैलगाडी जाईल एवढ्या रुंद वाटेनेच जातो. कोकणात जांभ्याच्या ओल्या उतारावर जायचंच असेल, तर पिशव्या आधी गावात ठेवतो.