पेटीतली जुनी घड्याळं: ओळख कशी पटवावी, नोंद कशी ठेवावी

जुन्या मनगटी घड्याळात सगळ्यात सहज बदलते ती तबकडी. रंग उडाला की ती पुन्हा रंगवून, वर हवं ते नाव छापून मिळते. आठवडी बाजारात किंवा तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या चकचकीत 'जुन्या' घड्याळांत अशी भरपूर असतात. संग्राहक त्यांना मुंबई स्पेशल म्हणतात. म्हणून ओळखीचा क्रम उलटा ठेवायचा: आधी मशीन, मग केस (म्हणजे बाहेरचं धातूचं कवच) आणि शेवटी तबकडीवरचं नाव.

घड्याळ हाती आल्यावर लगेच पुसू नका. चावीचे चार-पाच फेरे देऊन चालतं का ते बघा आणि थांबा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. तसंच चालवत राहिलं तर चाकांच्या आसांची टोकं झिजतात. तारखेचं घड्याळ असेल तर काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना चावीने झटपट तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेचा दाता गुंतलेला असतो, तो तुटतो.

पाठ कुठे उघडायची हेही आधी ठरवा. वेचणीनंतर ज्या खोलीत कापूस भरलेला आहे तिथे मुळीच नको. कापसाचा एक तंतू केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये अडकला तरी घड्याळ थांबतं किंवा भलतंच पुढे धावतं. उन्हाळ्यातली वाऱ्याची दुपारही टाळा. सकाळी ओसरीवर, पंखा बंद करून, पांढरा कागद अंथरून बसा. जवळ दहापट दाखवणारं भिंग, माप घ्यायचं वर्नियर, हवेचा रबरी फुगा आणि पाठ उघडायची पट्टी ठेवा. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीच्या थेंबाने गंज धरतो.

दाबाच्या पाठीला कडेला एका जागी बारीक खाच असते. पट्टीचं टोक तिथेच टेकवून पिळायचं, आत ढकलायचं नाही. घसरलं तर बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाकच जातं. आट्यांची पाठ असेल तर रबरी चेंडू घट्ट दाबून डावीकडे फिरवा. न हलल्यास जोर करू नका, घड्याळजींकडे न्या. त्यांना आधीच सांगा की फक्त उघडून द्या, साफ करू नका. पेट्रोलमध्ये धुतलेल्या मशीनची आधीची स्थिती नंतर कुणालाच सांगता येत नाही.

फोटो सात हवेत: समोरून, चावीच्या बाजूने, बंद पाठ, पाठीची आतली बाजू, पूर्ण मशीन, बॅलन्स व्हीलजवळचा भाग आणि तबकडीची सहाच्या आकड्याखालची कड. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जातात. थेट ऊन नको, सावलीतला उजेड घ्या. काचेवर आभाळ दिसत असेल तर घड्याळ थोडं तिरकं करा. मोबाइल जवळ नेण्यापेक्षा दोन हात लांब धरून झूम केलेला बरा, म्हणजे केस वाकडी दिसत नाही. माप चावी सोडून घ्यायचं आणि पट्ट्याच्या दोन शिंगांमधलं अंतर वेगळं लिहायचं.

आता ओळख. आपल्याकडे सर्वाधिक सापडतं ते एचएमटी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला १९६१ मध्ये हा घड्याळ कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, कोहिनूर अशी नावं वेगवेगळी असली, तरी चावीच्या बहुतेक घड्याळांत ०२३१ हेच सतरा ज्वेलचं (आसांच्या टोकांना बसवलेल्या बारीक खड्यांचं) मशीन असतं. त्यामुळे मशीनवरून मॉडेल ठरत नाही, पण खोटेपणा मात्र लगेच उघडा पडतो: तबकडी एचएमटीची आणि आत भलतंच मशीन. पायलटच्या तबकड्या फार रंगवल्या जातात. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईची कड धारदार असते, पुन्हा रंगवलेल्याची जाड आणि पसरट. मिनिटांच्या रेषा बाराच्या खुणेशी जुळतात का, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर साचलाय का, तेही बघा.

जपानच्या सेको घड्याळांचं काम सोपं आहे. पाठीवर मशीनचा चार आकडी क्रमांक असतो, तोच मशीनवर आणि बहुधा तबकडीच्या खालच्या कडेलाही. तिन्ही जागी ७००९ असेल तर घड्याळ बहुतेक एकसंध आहे. एखादा वेगळा निघाला तर भाग बहुधा बदललेला आहे. सहा आकडी अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरं येतात. दशक मात्र ते मशीन कोणत्या काळात बनत होतं त्यावरून ठरवायचं.

स्विस घड्याळांत जास्त कष्ट आहेत. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईत होती आणि तिच्या घड्याळांत निरनिराळ्या स्विस कारखान्यांची मशीनं सापडतात. तबकडीवरचं नाव विकणाऱ्याचं, मशीन दुसऱ्याचं. खरी ओळख बॅलन्स व्हीलखालच्या शिक्क्यात मिळते: एएस, एफएचएफ किंवा ईटीए (ही मशीन बनवणाऱ्या कारखान्यांची आद्याक्षरं) आणि त्यापुढे आकडा. फावर-ल्युबाच्या दोन बॅरलच्या (मुख्य स्प्रिंगच्या डब्यांच्या) मशीनवर एफएल आणि आकडा असतो. सहाखाली 'टी स्विस टी' असेल तर अंधारात चमकणारा रंग ट्रिशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा. त्याआधीच्या चमकणाऱ्या घड्याळांत रेडियम असतं. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षं टिकतो, म्हणून अशा घड्याळाची काच काढू नका आणि रंग खरवडू नका.

दूरच्या संग्राहकांना विचारताना नुसतं 'हे कोणतं आहे?' लिहून भागत नाही. मशीनचा क्रमांक, मिलिमीटरमधली मापं आणि तबकडीवरची प्रत्येक ओळ जशीच्या तशी लिहा, चुकीचं वाटणारं अक्षरसुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी तो दाबला जातो आणि शिक्का वाचता येत नाही. घड्याळाशेजारी आपलं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढा, म्हणजे तो वापरून कुणी दुसरा तेच घड्याळ विकायला काढणार नाही. किंमत त्याच प्रश्नात विचारू नका, उत्तरं ओळखीवरून भावावर जातात.

वहीत प्रत्येक घड्याळाला एक पान द्या. घड्याळ कुणाचं होतं, नोकरी लागली तेव्हा घेतलं की लग्नात मिळालं, कुठून आणलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना याच वर्षी विचारून लिहा. शिक्के नंतरही वाचता येतील, ही माहिती दुसरीकडे कुठेच नाही. जुनी पावती असेल तर तिचाही फोटो काढा. संग्राहकांनी सांगितलेली ओळख पेन्सिलने लिहा आणि कोणत्या खुणेवरून सांगितली तेही शेजारी नोंदवा. तेच मशीन आणि तीच केस असलेला दुसरा नमुना बघायला मिळाला की शाईने पक्की करा.

पावसाळ्याआधी घड्याळं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, प्रत्येक वेगळ्या कापडी पिशवीत. बॅटरीची असतील त्यांतली बॅटरी आधी काढून घ्या. ती गळली की सर्किट खाऊन टाकते.