गावच्या देवळाच्या आख्यायिका कशा लिहून ठेवायच्या

आपण इंदोरला चार पिढ्या राहिलो तरी कुलदैवत तिकडे गावाकडेच, आणि त्याच्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर चाललेल्या, म्हणून आधी आजीकडे बसा. थेट "इतिहास सांग" म्हणू नका, देवघरातला टाक हातात द्या, तो घासत घासत ती आपसूक बोलायला लागते, फोनचं रेकॉर्डिंग तिला विचारूनच चालू करा आणि मधे अजिबात टोकू नका.

मग गावी गेलात की गुरवांना भेटा, पालखी कुठल्या वाटेने जाते, पहिला मान कुणाचा, नैवेद्य काय, हे विचारा. आमच्याकडे खंडोबा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा हवाच, त्याच्याआधी चातुर्मासात वांगं बंद. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" हे जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळेल, खोटं म्हणून खोडू नका, कुणी सांगितलं ते नाव लिहून तसंच ठेवा. दोन जणांची गोष्ट वेगळी निघाली तर दोन्ही लिहा.

शिलालेख असला तर त्यावर खडू, पीठ काही चोळू नका हो, दगड खराब होतो! संध्याकाळी टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. आणि साल नीट बघा, शके असेल तर ७८ मिळवायचे, म्हणजे शके १७०० म्हणजे इ.स. १७७८ च्या आसपास, पण आपल्याकडे चालतो तो विक्रम संवत असेल तर ५७ वजा. रेकॉर्डिंगची एक कॉपी गुरवांनाही द्या.