बल्ब बदलायच्या आधी मीटर लावा : ट्रकचा मंद हेडलाईट कसा सुधारायचा

दिवाळी झाली की संध्याकाळी दुकानासमोर गाडी उभी राहते आणि ड्रायव्हर उतरता उतरताच म्हणतो, “भाऊ, लाईट पडूनच नाही राहिला. एलईडी टाकून दे.” माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून. वणीकडचे कोळशाचे टिप्पर, पांढरकवड्याचे कापसाच्या गाठी नेणारे ट्रक, सगळे इथूनच जातात. चारपदरी हायवेवर मंद लाईट खपून जातो. तीच गाडी मारेगावच्या रस्त्याला वळली की पितळ उघडं पडतं. मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली, कापसाची बैलबंडी, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला मधेच आडवा येणारा रोही, म्हणजे नीलगाय. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बंडी दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागाच उरत नाही.

तरी एलईडीची घाई करू नका. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा बल्ब धडधाकट असतो, करंटच त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. डीपीपासून लांबच्या शेतातला मोटरपंप कसा रडत-रडत चालतो, तसा हा बल्ब जळत असतो. हॅलोजनचं गणित फार कडक आहे : व्होल्टेज १० टक्के घटलं की प्रकाश १० नाही, ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. बॅटरीवर २८ व्होल्ट आणि बल्बवर २५ असतील, तर जवळपास एक तृतीयांश उजेड वायरीतच जिरला. असल्या वायरीवर महागातला बल्ब लावून काय होणार?

मोजायचं असं. गाडी चालू करा, थोडी रेस द्या, डिप्पर (जवळ, खाली पडणारा लाईट) लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. ट्रकला १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणून दोन टोकांचे टर्मिनल धरा. २७.५ ते २८.५ दिसलं पाहिजे. त्याखाली असेल तर आधी अल्टरनेटर आणि पट्टा बघा, हेडलाईटला हात लावू नका. बॅटरी ठीक असेल तर बल्बच्या कपलरमागून (वायर बल्बला जोडणाऱ्या सॉकेटमागून) मोजा. बल्ब लावलेलाच आणि पेटलेला हवा. बल्ब काढून मोजलं की मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतं, आणि पोरं म्हणतात, “सप्लाय तर बराबर आहे.” लोड नसताना वायर कधीच खोटी पडत नाही.

आता चोर शोधा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला : जो आकडा येईल तेवढं प्लसच्या वायरीत गेलं. मग एक पिन बल्बच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला : तेवढं अर्थिंगमध्ये गेलं. दोन्ही मिळून अर्धा-पाऊण व्होल्ट चालून जातो. दोन-तीन आले तर दुखणं सापडलं.

अर्थिंगचं काम फुकटात होतं, म्हणून आधी तेच. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट खोला, रंग आणि गंज घासून लोखंड चमकेपर्यंत साफ करा, वायरीच्या टोकाचा थिंबल नवा दाबा, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. केबिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी नक्की बघा. केबिन उचलून उचलून ती तुटते, किंवा दोन-चार तारांवर लोंबत असते. कोळशाच्या गाड्यांत कपलरमध्ये काळी भुकटी बसलेली असते आणि होल्डर वितळून तपकिरी झालेला असतो. तो साफ करत बसू नका. सिरॅमिकचा होल्डर घ्या.

प्लसच्या बाजूला खरा उपाय म्हणजे रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाड्यांत हेडलाईटचा अख्खा करंट स्टेअरिंगवरच्या स्विचमधून फिरून येतो, तिथेच तो दमतो. दोन रिले घ्या, एक डिप्परला, एक अप्परला (लांब पडणाऱ्या लाईटला). दोन्ही २४ व्होल्टचे. १२ चा लावला तर त्याची कॉइल जळेल. ७० वॅटचे दोन बल्ब २४ व्होल्टवर सहा अँपिअरच्या आतबाहेर घेतात, म्हणून प्रत्येक रिलेला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर पुरते. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस काढून ठेवा. मग बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेची ३० नंबरची पिन. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, कारण वायर मधे कुठे घासली तर आग तिथूनच लागते. ८७ वरून दोन्ही बल्बला नवी वायर. हेडलाईटची जुनी वायर आता ८६ ला जाते, तिच्यावर नुसता इशारा राहतो. ८५ अर्थला. वायरीला स्लीव्ह घाला, सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून लांब न्या, आणि केबिन उचलते तिथे थोडी ढील सोडा. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने चालतो, म्हणून जोडण्याआधी टेस्टिंग लॅम्पने खात्री करा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मात्र कापू नका. तिथे लाईटवर कंट्रोल युनिटचं लक्ष असू शकतं, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

काच प्लास्टिकची असून पिवळी पडली असेल तर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर : ८००, मग १५००, मग २०००. शेवटी पॉलिश आणि यूव्हीचा कोट. कोट नाही मारला तर उन्हाळ्यात ती परत पिवळी पडते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. आतला रिफ्लेक्टर मात्र फडक्याने पुसायचा नाही. त्याचा चमकता थर निघून जातो. तो काळा किंवा गंजका झाला असेल तर अख्खा हेडलाईटच बदला.

आता बल्ब. एच-४ च्या (अप्पर-डिप्पर एकाच बल्बात असलेल्या) गाडीला २४ व्होल्ट, ७५/७० वॅट. काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तापतो आणि तिथूनच काच फुटते. १००/९० मागणारे खूप येतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि नियमातही बसत नाही. मी लावत नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला की उजेड पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे ड्रायव्हर खूश होतो. पण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला असतो. ती जागा हलली की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. एलईडीच हवी असेल तर मान्यतेचा शिक्का असलेला, २४ व्होल्टचा पूर्ण हेडलाईट घ्या. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेलाच बघा. त्याचा डिप्पर डावीकडे वर चढतो. परदेशी उलट्या बाजूचा आला तर तो उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर चढेल.

शेवटी सेटिंग. हे कोणी करत नाही, आणि निम्मा फरक इथेच आहे. जिनिंगची किंवा गोडाऊनची सपाट भिंत आणि समोर सपाट जागा बघा. टायरची हवा बरोबर असू द्या आणि गाडी भरलेली असू द्या. माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग झाडाच्या शेंड्याला लागतं. हेडलाईटपासून भिंत १० मीटर ठेवा. हेडलाईटच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखा, डिप्पर लावा आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आणा. गाडीवर टक्केवारी छापलेली असेल तर तीच धरा : १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. एका हेडलाईटवर पोतं टाकून दुसरा जुळवा, मग उलट करा.

आठवडाभर गाडी चालली की रिलेच्या पिनांवरचे वायरीचे लग आणि अर्थचा बोल्ट परत आवळा, आणि तेव्हाही बल्ब पेटता ठेवून एकदा मीटर लावा.