चेट ॲटकिन्स यांच्या रेकॉर्डसोबत घरी गाताना

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे, ‘कंट्री’ या तिथल्या लोकप्रिय गाण्याच्या प्रकारातले गिटारवादक चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) यांची ‘हम अँड स्ट्रम अलाँग विथ चेट ॲटकिन्स’ ही रेकॉर्ड आरसीए व्हिक्टर या कंपनीने १९५९ साली काढली. श्रोत्याने घरी बसून तिच्याबरोबर गुणगुणावे आणि गिटार छेडावी, हा तिचा हेतू नावातच आहे. नावातला क्रम मी शब्दशः पाळावा असे सांगेन: आधी गुणगुणणे, मग गिटार. चाल गळ्यात बसली नसताना हात चालवला, तर दोन्ही अडखळतात.

गिटारचा सूर ट्यूनर या सूर दाखवणाऱ्या यंत्रावर न जुळवता रेकॉर्डच्या सुराशी जुळवावा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी सुमारे ६ टक्के जास्त वेगाने फिरली, तर सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि पेटीच्या भाषेत पांढरी पाचचे गाणे काळी चारमध्ये जाते. अशा वेळी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या पडद्यावर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी, सी, डी सेव्हन हेच ओळखीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवावेत. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते आणि लावलेली गिटार तासाभरात उतरू-चढू शकते, म्हणून बाजू पालटताना सूर पुन्हा तपासावा.

ॲटकिन्स अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि बोटांनी चाल, असे एकाच वेळी वाजवत. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या वादनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. या पद्धतीची नक्कल इथे करू नये, कारण चाल आपल्याला गायची आहे. पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्ज, दुसरीला बाकीच्या तारांवर हलका झटका, एवढे पुरते: जी कॉर्डला आधी सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, पुढच्या फेरीत चौथी, सीला पाचवी आणि चौथी, डी सेव्हनला चौथी आणि पाचवी. तळहाताची कड ब्रिजला (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीला) किंचित टेकवली की खर्ज घुमत न राहता ‘ठुक’ असा आटोपशीर उमटतो. तीन मात्रांच्या गाण्यांत खर्जानंतर दोन झटके द्यावेत. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ते सहज जमते.

आमच्या गिरगावातल्या खोलीत भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर आहे, म्हणून मी स्पीकर भिंतीपासून दूर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवते आणि आवाज आपला गळा आपल्याला नीट ऐकू येईल इतकाच वाढवते. गाणे बसू लागले की दर कडव्याला तो थोडा कमी करावा. शेवटच्या कडव्याला रेकॉर्ड बंद करून खर्ज तसाच चालू ठेवावा आणि खोलीत जे कोणी असतील त्यांना गाऊ द्यावे.