लॅबच्या पीसीवर वेबसाइट उघडत नव्हत्या, असं सुटलं (माझा अनुभव)

तासगावला हायस्कूलात आयसीटी शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीनंतर लॅब उघडली तर जुन्या पीसींवर नेट चालू असून एकही साइट उघडेना, सगळीकडे कनेक्शन प्रायव्हेट नाही असंच येतंय, सगळे म्हणाले राउटर बदला. पण कोपऱ्यात तारीख बघितली तर कितीतरी वर्षं मागची! मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतल्या मुख्य बोर्डवरचा) छोटा सेल संपला की करंट तुटल्यावर पीसी तारीख विसरतो, आणि ब्राउझर साइटच्या सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) मुदत त्याच तारखेशी ताडून बघतो, मागच्या तारखेला ती सुरूच झालेली नसते, म्हणून अडवतो. सांगलीहून ३ व्होल्टचे सीआर २०३२ सेल आणले, प्लग काढून नववीच्या पोरांकडूनच बसवून घेतले, मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावली. सर्टिफिकेट म्हणजे काय ते पोरांना असंच नीट कळतं, फार बरं वाटलं. सेल न बदलता नुसती विंडोजमध्ये तारीख बदलू नका, लाइट गेली की परत तेच.