एलपीचा आवाज खरोखर वेगळा लागतो का : घरच्या घरी घ्यायची कसोटी

एलपीचा आवाज ऊबदार आणि डिजिटल आवाज कोरडा, हे विधान इतक्या वेळा कानावर पडते की ते तपासून पाहण्याची गरजच फारशी कोणाला वाटत नाही. जे तपासतात तेही बहुधा जुन्या एलपीची तुलना त्याच ध्वनिमुद्रणाच्या स्ट्रीमिंगवरील आवृत्तीशी करतात, आणि चूक तिथेच होते. कारण या दोन आवृत्त्यांचे मास्टरिंग, म्हणजे प्रती काढण्यापूर्वी आवाजाला दिलेला अंतिम घाट, अनेकदा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या तंत्रज्ञांनी, वेगवेगळ्या हेतूने केलेले असते. अशा तुलनेतून दोन मास्टरिंगमधला फरक कळतो, माध्यमाविषयी काहीच कळत नाही. माध्यमाची परीक्षा घ्यायची असेल, तर एलपीच्या समोर त्याच एलपीची डिजिटल नक्कल उभी केली पाहिजे.

यासाठी टर्नटेबल, संगणक, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करून संगणकात नेणारी आणि परत बाहेर आणणारी पेटी), चांगले हेडफोन आणि एक मदतनीस लागतो. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरवर ‘टेप मॉनिटर’ हे बटण असेल, तर अर्धे काम झालेच म्हणायचे. कॅसेटच्या काळातील बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ते असते. बटण वर असताना रेकॉर्डचा आवाज सरळ ऐकू येतो आणि दाबल्यावर तोच आवाज बाहेरच्या यंत्रातून फिरून परत आलेला ऐकू येतो. आपल्या प्रयोगात हे बाहेरचे यंत्र म्हणजे संगणक. ‘टेप आउट’मधून निघालेली तार इंटरफेसच्या इनपुटला जोडावी आणि इंटरफेसचे आउटपुट ‘टेप इन’ला जोडावे. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाची सोय असते. ती न विसरता बंद करावी. ती चालू राहिली, तर आवाज डिजिटल रूपांतर न होताच परत येतो आणि सगळा प्रयोग फुकट जातो.

डिजिटलची मांडणी मुद्दाम साध्या सीडीचीच ठेवावी, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून आरोप आहे तो याच मांडणीवर. इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, असे चित्र नेहमी दाखवले जाते. पण त्या पायऱ्या फक्त चित्रातच असतात. परत अ‍ॅनालॉग होताना २२ किलोहर्ट्‌झच्या आतील लहर पुन्हा गुळगुळीतच उभी राहते, आणि माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्‌झच्या पुढे पोहोचत नाही. शांत आणि मोठ्या आवाजातील अंतर सीडी सुमारे ९६ डेसिबलपर्यंत सांभाळते, तर चांगली एलपी साधारण ६० ते ७० डेसिबलपर्यंत. संगणकात येणाऱ्या आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास (शून्य ही डिजिटलची कमाल मर्यादा) राहील, इतपत इनपुट ठेवले की पुरे.

टर्नटेबलकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबून आणि वरचे स्वर वाढवून कोरलेले असतात, कारण खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर खाचेची वळणे फार रुंद होतात आणि एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचेच संगीत मावते. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार फोनो प्रीअ‍ॅम्प हा टर्नटेबलचा क्षीण संकेत वाढवणारा भाग ही उलटापालट सरळ करतो. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा ‘फोनो’ सॉकेट असेल, तर वेगळा प्रीअ‍ॅम्प मध्ये घालू नये. टर्नटेबलची अर्थची तार जोडलेली असावी, नाहीतर ५० हर्ट्‌झची घरघर संगीतावर पसरते. सुईचा दाब कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच, बहुधा दीड ते दोन ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून ठेवावा आणि रेकॉर्ड कार्बन फायबरच्या ब्रशने पुसून घ्यावी.

कसोटीसाठी ख्यालगायनाची एलपी घ्यावी, असे माझे मत आहे. आलापाच्या वेळी तानपुऱ्याखाली दडलेली खरखर स्पष्ट ऐकू येते, आणि रेकॉर्डचे छिद्र नेमके मध्यावर नसेल तर तानपुऱ्याचा स्वर दर १.८ सेकंदांनी किंचित चढतो-उतरतो, कारण ३३⅓ गतीला एका फेऱ्यास तेवढाच वेळ लागतो. बाजूच्या शेवटचा भागही अवश्य ऐकावा. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या कडेला जेमतेम २१. त्यामुळे आतल्या भागात आवाज अधिक विस्कटतो. गंमत अशी की गायक द्रुत लयीत तानांवर येतो तो नेमका इथेच.

आता दोन्ही वाटांचा आवाज समान करावा. ही पायरी गाळणाऱ्याने पुढचे काही करूच नये, कारण अर्धा डेसिबल मोठा असलेला आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हेडफोन काढून ठेवावेत, ‘ऑक्स’ या जादा इनपुटमध्ये फोनवरून ४०० हर्ट्‌झचा सलग स्वर वाजवावा, हेडफोनच्या आउटपुटवर मल्टीमीटरने एसी व्होल्टेज मोजावे आणि बटणाच्या दोन्ही स्थितींत एक टक्क्याहून कमी फरक राहील, इतके इंटरफेसचे आउटपुट जुळवावे.

प्रत्यक्ष ऐकताना पाठ फिरवून बसावे. आधी दोन्ही स्थिती कोणती कोणती हे माहीत असताना, हवा तितका वेळ ऐकाव्यात. मग मदतनीस प्रत्येक खेपेला नाणे उडवून बटणाची स्थिती ठरवील आणि कागदावर लिहून ठेवील. ऐकणाऱ्याने हेडफोन उतरवून मगच बटण हलवू द्यावे आणि आपले उत्तर स्वतंत्र कागदावर लिहावे. अशा सोळा खेपा कराव्यात. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर नुसत्या नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आकडा मनासारखा दिसू लागला म्हणून मध्येच थांबू नये.

बहुतेकांना फरक सांगता येणार नाही, असे मी धरून चालतो. २००७ मध्ये मायर आणि मोरन या संशोधकांनी अमेरिकेत असाच सोळा बिटांच्या रूपांतराचा फेरा उच्च दर्जाच्या डिजिटल ध्वनिमुद्रणांच्या मध्ये घातला होता, तेव्हाही श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. आणि २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या नावाजलेल्या महागड्या एलपींच्या निर्मितीत कित्येक वर्षे डिजिटल टप्पा होता हे उघड झाले. तोवर कानांनी तो पकडला नव्हता. याचा अर्थ ऊब खोटी आहे, असा मुळीच नाही. ऊब नकलेतही जशीच्या तशी उतरते. ती कार्ट्रिजच्या स्वभावातून, खाचेतील विकृतीतून, दोन्ही बाजूंना सारखा ठेवून मध्यावर आणलेल्या खर्जातून आणि त्या वेळच्या मास्टरिंगमधून येते.

एवढे झाल्यावर हवी तर एलपी आणि स्ट्रीमिंग यांची तुलना करावी, पातळी पुन्हा जुळवूनच. १९९० नंतरच्या अनेक पुनर्मुद्रणांत शांत आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून एकूण आवाज मोठा केलेला असतो, त्यामुळे तिथे एलपी सरस वाटली तर नवल नाही. पण ती पसंती मास्टरिंगची असते. आवडलेल्या एलपीची नक्कल जपून ठेवायची असल्यास स्पीकर बंद करून मुद्रण करावे, कारण त्यांची कंपने सुईत शिरतात. ती २४ बिटांत घेऊन फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात साठवावी. एमपीथ्री केल्यास आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो, आणि मग त्या फाइलसाठी ही कसोटी नव्याने घ्यावी लागेल.