किनाऱ्यावरच्या घरासाठी कोळशाची शेगडी : वारा, खारी हवा आणि राख यांचा विचार करून

हर्णै बंदरावरच्या लिलावातून आणलेले ताजे बांगडे परसातल्या शेगडीवर ठेवावेत आणि थोड्या वेळाने पाहावे, तर शेपटीकडची बाजू करपलेली, डोक्याकडे काट्यापाशी मांस अजून कच्चे आणि उलटताना अर्धी कातडी जाळीलाच चिकटलेली, असे आमच्याकडे पहिली दोन वर्षे सतत होत होते. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरी पाहुणे उतरतात आणि अंगणात बसून भाजलेली मासळी खाण्याची फर्माईश बहुतेकांची असते. दोष मसाल्याचा नव्हता, मासळीचाही नव्हता. शेगडीला हवा चुकीच्या जागेने मिळत होती, जाळी आणि निखारे यांतले अंतर बदलता येत नव्हते आणि साठलेल्या राखेखाली निखारे गुदमरत होते. गावातल्या वेल्डरकडून ती शेगडी दोनदा मोडून तिसऱ्यांदा बांधून घेतली. त्या खटाटोपात जे समजले, ते नवी शेगडी करू पाहणाऱ्याच्या किंवा जुनी सुधारू पाहणाऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

पहिला विचार वाऱ्याचा करावा. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण शेगडी मांडताना ते कोणी आठवत नाही. संध्याकाळी सहाला पश्चिमेचा वारा धरून मांडलेली शेगडी रात्री जेवणाची दुसरी फेरी निघेपर्यंत उलट्या वाऱ्यात सापडू शकते. वाऱ्याचा आणि राखेचा हा जाच आपल्याकडेच आहे असे नाही. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये झाकणाची गोल शेगडी तयार केली, ती आपल्या उघड्या विटांच्या शेगडीला कंटाळूनच. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत असत. अशाच धातूच्या गोलाचा अर्धा भाग त्यांनी निखाऱ्यांसाठी घेतला, अर्ध्याचे झाकण केले आणि हवेसाठी भोके ठेवली. बंदरात डोलणारा बोया पाहिला की मला हे हमखास आठवते.

आपल्या अंगणासाठी मात्र लांबट पेटीच्या आकाराची शेगडी मला अधिक सोयीची वाटते, कारण तीत एका टोकाला निखाऱ्यांचा ढीग आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ मोकळी जागा असे दोन भाग करता येतात. साधारण ७५ सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पेटी सहा-सात माणसांना पुरते. ती अशी ठेवावी की वारा तिच्या लांबीच्या दिशेने वाहील आणि भाजणारा माणूस लांब बाजूला उभा राहील, म्हणजे धूर त्याच्या एका खांद्याकडून दुसरीकडे निघून जाईल. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहणे सोयीचे वाटते खरे, पण तसे केल्यास अंगाच्या आडोशाला हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर नेमका तोंडावर ओढला जातो. ज्या टोकाकडून वारा येतो तेथे एक वीतभर उंच पत्र्याचा आडोसा असावा. तो पक्का जोडू नये. दोन्ही टोकांना खाचा ठेवून एकच पत्रा कुठेही अडकवता येईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे रात्री वारा फिरला की तो फक्त उचलून दुसऱ्या टोकाला लावायचा असतो. एका बाजूच्या दोन पायांना चाके असली, तर निखारे घालण्यापूर्वी शेगडीची दिशा बदलणेही एकट्या माणसाला जमते.

आता पेटीच्या आतला भाग. माझ्या मते शेगडीची खरी परीक्षा येथेच होते आणि बाजारातल्या स्वस्त शेगड्या येथेच नापास होतात. कोळसा सपाट पत्र्यावर पसरला, तर खालून हवा मिळत नाही, थोड्याच वेळात त्याच्याभोवती राख जमते आणि मग पंख्याने किंवा सुपाने वारा घालत बसावे लागते. म्हणून कोळसा तळापासून सात-आठ सेंटिमीटर उंचीवर, १० मिलिमीटर जाडीच्या सळ्यांच्या जाळीवर ठेवावा. सळ्यांमध्ये बोटभर फट असावी, म्हणजे राख खाली गळते आणि निखारा वर राहतो. या जाळीखाली पेटीच्या पूर्ण मापाचा, पुढे ओढता येणारा राखेचा खण बसवावा. तो घट्ट बसला, तर तोच हवेची झडपही होतो. दोन बोटे बाहेर ओढला की हवा आत शिरून निखारे लाल होतात, पूर्ण आत ढकलला की आच मंदावते. वेगळ्या झडपा, त्यांचे खिळे, त्यांच्या मुठी यांपैकी काहीही लागत नाही, आणि खाऱ्या हवेत जितके हलते भाग कमी तितकी शेगडी अधिक टिकते. हा खण भाजणाऱ्याच्या बाजूने उघडणारा असावा. आमच्या दुसऱ्या शेगडीत तो वाऱ्याच्या तोंडाला उघडत होता, त्यामुळे भात्याने फुंकल्यासारखे निखारे भडकत आणि राख उडून थेट मासळीवर बसे.

भाजण्याची जाळी निखाऱ्यांपासून किती उंच असावी, याचे एकच उत्तर नाही. कोळंबी आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांना जवळची, कडक आच लागते, अख्ख्या बांगड्याला मध्यम आणि हाडासकट कोंबडीला लांबची. अर्जेंटिनात शेगडीची जाळी चाक फिरवून साखळीने वरखाली करतात, आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखी. पाहायला ती रचना फार सुंदर असते, पण घरगुती वापरासाठी मी तिचा आग्रह धरणार नाही, कारण येथे साखळीचे दुवे गंजून धरतात. पेटीच्या आतल्या बाजूंना लोखंडी पट्ट्या जोडून निखाऱ्यांच्या वर साधारण ८, १३ आणि १८ सेंटिमीटरवर तीन खाचा केल्या की काम भागते. जाळीच्या दोन्ही टोकांना लाकडी मूठ बसवलेले उभे दांडे असावेत, नाहीतर तापलेली जाळी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेताना चिमटे घसरतात. आच ओळखण्यासाठी जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून पाहावा. दोन-तीन सेकंदांत हात काढावासा वाटला तर आच कडक, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम आणि सात-आठ सेकंद धरवला तर मंद समजावी.

उभ्याने भाजायचे असेल, तर जाळी आपल्या कोपरापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली यावी. बहुतेकांच्या बाबतीत ही उंची जमिनीपासून ८५ ते ९५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते. शेजारी ताट, मसाल्याची वाटी आणि चिमटा ठेवण्यापुरती एक फळी लावावी. फळी नसली तर भाजणाऱ्याच्या हातात नेहमी एक वस्तू जास्त असते.

पत्रा आणि सळ्या निवडताना घाई करू नये. घराच्या छपराचा उरलेला जस्ताचा पत्रा शेगडीसाठी वापरण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, त्याहून अधिक तापले की त्याचा धूर निघतो आणि तो श्वासातून गेल्यास थंडीताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यालाही तोच धोका असतो. पेटीसाठी ३ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा उत्तम. तो गंजतो, परंतु जाड असल्याने वर्षानुवर्षे पुरतो आणि तापल्यावर वाकडा होत नाही. भाजण्याच्या जाळीला मात्र ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ प्रतीत यांखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत पडणारे बारीक खड्डे ते बऱ्याच अंशी रोखते, पण त्याची किंमत पाहता बिजागऱ्या, नटबोल्ट आणि खिट्ट्या एवढ्यापुरतेच ते घ्यावे. नेमके हेच भाग आधी जाम होतात. शहरातून आणलेल्या आमच्या पहिल्या तयार शेगडीचे झाकण एका पावसाळ्यानंतर बिजागरीसकट हातात आले होते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि चिकटत नाही म्हणून स्टील अस्सल असल्याचे सांगतो, त्यावर विसंबू नये. हलक्या २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. प्रत बिलावर लिहून घ्यावी.

जुन्या दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाची शेगडीही चांगली होते, कारण उभे चिरल्यावर एक अर्ध पेटीचे आणि दुसरे झाकणाचे काम करते. परंतु पिंपात आधी काय होते हे खात्रीने ठाऊक नसेल तर ते घेऊ नये. ज्वालाग्राही द्रवाचे रिकामे पिंप कापताना आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो, आणि रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरण्याजोगे होत नाही.

जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा करून त्यावर शेगडी ठेवणे कोकणात सोपे आणि शोभिवंत असते, पण चिऱ्याला निखारा थेट लागू देऊ नये. जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी धरून ठेवतो. आम्ही एकदा पावसाळा संपता संपता ओलसर चिऱ्यांमध्येच आगोटी पेटवली, तेव्हा पाव तासात एका चिऱ्याचा टवका मोठा आवाज होऊन उडाला. शेजारी मुले उभी होती, सुदैवाने कोणाला लागले नाही. वहाळातल्या गोल गुळगुळीत दगडांचाही हाच धोका आहे. चिऱ्यांच्या आत अग्निविटांचा एक थर द्यावा.

जळणाच्या बाबतीत कोकण भाग्यवान आहे. लाकडाचा लोणारी कोळसा मिळतोच, शिवाय करवंटीचा कोळसाही करता येतो, जो कमी धुराचा आणि बराच वेळ टिकणारा असतो. करवंटीचे वाटीसारखे तुकडे एकात एक बसून हवा अडवतात, म्हणून ते फोडून लाकडी कोळशात मिसळावेत. पेटवण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये, त्याचा वास मासळीला लागतो आणि भडका उडण्याची भीती असते ती वेगळीच. त्याऐवजी दोन्ही तोंडे उघडी असलेले, सुमारे ३० सेंटिमीटर उंच लोखंडी नळकांडे करून घ्यावे. खालून चार बोटांवर आडव्या सळ्या लावाव्यात आणि त्यांच्या खाली सगळीकडून भोके पाडावीत. वर कोळसा भरावा, खाली नारळाची सुकी सोडणे (वरची काथ्याची साले) आणि थोडे चुडत (माडाची वाळलेली झावळी) कोंबून पेटवावे. गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते आणि पंखा न हलवता पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशाच्या कडांवर पांढरी राख दिसू लागते. तेव्हाच तो शेगडीत ओतावा. काजूची टरफले आगीत टाकू नयेत, त्यांतले तेल कातडी भाजणारे असते आणि धुरानेही डोळे-घसा सोलवटतो. होडीच्या जुन्या, रंग लावलेल्या फळ्या आणि दगडी कोळसा हेही अन्नाच्या आगीत नकोत. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी पडवीत किंवा खोलीत घेणे तर जिवावर बेतते, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

बांगडा चिकटण्याचे कारण बहुधा ओलावा असते. चिरा दिलेला, मीठ, हळद आणि तिरफळाचे वाटण लावलेला बांगडा भाजण्याआधी फडक्याने हलकेच टिपून घ्यावा, तेल जाळीऐवजी माशाला चोळावे आणि जाळी आधी चांगली तापू द्यावी. मग तो सळ्यांवर तिरका ठेवून चार मिनिटे त्याला हात लावू नये. शेपटीखाली उलथणे सरकवून पाहावे. कातडी ओढ घेत असेल तर ती अजून तयार नाही, आणखी मिनिटभर थांबल्यावर ती आपोआप सुटते. चरबी गळून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नये, त्याने राख उडते. मासा निखारे नसलेल्या टोकाला सरकवावा आणि राखेचा खण आत ढकलावा. दोन भाग ठेवण्याचा खरा उपयोग तेव्हा कळतो.

भाजणे झाल्यावर निखारे पाण्याने विझवू नयेत, तापलेला पत्रा त्याने वाकतो. झाकण आणि खण बंद केला की आग हवेअभावी विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख मात्र त्यात ठेवू नये. राख, मीठ आणि दमट हवा एकत्र आली की लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. आतपर्यंत पूर्ण थंड झाल्याची खात्री करून दुसऱ्या दिवशी ती काढावी आणि माडांच्या आळ्यांत पसरावी, तिच्यात पालाश असते. पेटीला आतून रंग देऊ नये. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल पातळ पुसून शेगडी कडक तापवली की बिडाच्या तव्यासारखा काळा थर चढतो. खोबरेल तेलाचा असा थर बसत नाही, हे आम्हाला एक हंगाम वाया घालवल्यावर समजले.

मे अखेरीस, पहिला वळीव पडण्याआधी, जाळ्या आणि खण घासून, तेल पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत, आणि पेटी उपडी करून विटांवर ठेवून वर झापे टाकावीत. प्लास्टिकने घट्ट झाकू नये, आत घाम धरतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या तरी अंगण वाळायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दसऱ्याच्या सुमारास पेटी उलटी करतो, तळाला टोचून पाहतो आणि रिकाम्या शेगडीत तासभर निखारे ठेवून मगच पहिले बांगडे आणायला बंदरावर जातो.